आमची साडेसातची कुठे आहे?

हॅलो?… हॅलो, कोण?… मावशी! अहो, मीच. मीच बोलतेय. जिवंत आहे, धडधाकट आहे, आधी रडू नका… नाही हो, कुठल्या हॉस्पिटलात नाही. नगरपालिकेत आहे, सभागृहाच्या बाहेर बाकावर बसलेय… हो, हो, तीच. तुमची साडेसातची.

चुकलं माझं. शंभरदा चुकलं. काल फोन ठेवताना सांगायला हवं होतं… अहो, पण मलाच कुठे माहीत होतं! काल संध्याकाळी निघताना हातात चिठ्ठी पडली. सकाळी सातला कागद घेऊन हजर राहा, तुमचा विषय पहिला. मला वाटलं, पहिला म्हणजे अर्ध्या तासात सुटका, मग खाली खोलीत जाऊन लावीन सगळ्यांना फोन. कसलं काय! पहिल्याचा झाला चौथा. आणि आत मोबाइल बंद. शिपाई दारातच उभा, डोळे वटारून… हो, आत्ता चालू केला आणि तुमचाच वाजला.

विषय कुठला म्हणजे? आपलाच! एकेकट्या राहणाऱ्या तुम्हा म्हाताऱ्यांना मी सकाळी फोन करते, त्या फोनांचा. नगरपालिकेला पैसे कमी पडतायत, कुठेतरी कात्री लावायचीय, मग लावा या बाईला! गेल्या वर्षी माझ्या जोडीदारणीची खुर्ची काढली, या वर्षी माझी… नाही, ऐका ना, पुढचं ऐका. माझ्या जागी यंत्र बसवणार. यंत्र सकाळी तुम्हाला फोन करणार आणि त्यातली बाई म्हणणार, ‘बरे असाल तर एक दाबा.’… आणि बरे नसाल तर दोन… हसताय काय मावशी! अकरा नगरसेवक बसलेत आत, आणि एकालाही हसू आलं नाही. ते चष्मेवाले साहेब, ज्यांच्या डोक्यातून हे यंत्र निघालं, ते तर तक्ता घेऊन आले होते रंगीत.

हो, पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे! मी आत बसलेय, माझं भाषण तीन मिनिटांचं, ते सुद्धा कागदावर लिहून आणलेलं. आणि तेवढ्यात आपली टेलिफोनवाली, खालच्या बोर्डावरची, धापा टाकत वर आली. सभागृहात घुसली सरळ! म्हणाली, अध्यक्षसाहेब, सकाळपासून माझ्या नाकी नऊ आलेत. कोणीतरी विचारतंय, आमची साडेसातची कुठे आहे? दुसरा विचारतो, आठ-दहाची का आली नाही? तिसरी बाई रडतेय, पावणेनऊची कधी चुकत नाही हो, काहीतरी अपघात झालाय! तिला वाटलं, लोक बसगाड्यांची चौकशी करतायत. वीस जणांना तिनं बस डेपोचा नंबर दिला!

अहो मग काय! मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहेब, ती मी. साडेसातची मी, आठ-दहाची मी, पावणेनऊचीही मीच.

तुम्हाला कळतंय का काय झालं ते? मी तुम्हा सगळ्यांना काय बजावून ठेवलंय? नऊपर्यंत तुम्ही फोन उचलला नाहीत तर मी माणूस पाठवणार. बरोबर? आणि तुम्ही लोकांनी तोच नियम मला लावलात! नऊपर्यंत माझा फोन नाही, म्हणजे बाईचं काही बरंवाईट झालं… हो ना, तुम्ही सुद्धा! बहुतेक जण एकमेकांना ओळखत नाही तुम्ही, तोंडं पाहिली नाहीत, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच! एक हेडमास्तर आहेत नव्वदीचे, ते टॅक्सी करून माझ्या घरी गेले. दार वाजवलं, कोणी उघडेना, म्हणून अग्निशमन दलाला बोलावलं… खरंच! दोन जवान आलेत इथपर्यंत, माझ्या शेजारणीनं पत्ता दिला. हे काय, समोरच उभेत. एकजण म्हणतोय, बाई, निदान चक्कर तरी येऊ द्यायची होती.

मला रडू आलं हो मावशी. बारा वर्षं मी समजत होते, मी तुमची काळजी घेते…

अं? नाही, मतदान व्हायचंय. मला बाहेर बसवून सभा परत सुरू झालीय, आधी कचरागाड्या, मग आम्ही. पण आता वारं फिरलंय! दोन नगरसेवक तर मघाशी येऊन… हो, थांबा, टेलिफोनवालीनं यादी दिलीय. कोणाकोणाचे फोन आले ते लिहून ठेवलंय बिचारीनं. मी माझ्या यादीवर खुणा करत होते. एकूण अठ्ठेचाळीस. तुम्ही आत्ता केलात, म्हणजे झाले सत्तेचाळीस… म्हणजे एकच राहिलं. कोण बरं… थांबा हं… बेचाळीस आहे, त्रेचाळीस आहे…

मावशी.

घड्याळकाका राहिलेत.

अहो, घड्याळकाका! तुमच्या वरच्या मजल्यावरचे. घड्याळं दुरुस्त करायचे ते… मला माहितीय तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. सगळं माहितीय, कुंड्यांचं पाणी, वाळत घातलेले कपडे, आठ वर्षं झाली, सगळं माहितीय! ते नंतर. मला सांगा, आज त्यांचा काही आवाज आला का?… रोज येतो ना? चालतात, खुर्ची ओढतात?… आणि आज?… रेडिओ पण नाही?

अहो, त्यांची वेळ आठची. मी आठ वाजून एक मिनिटानं केला तर ऐकवतात मला, एक मिनिट उशीर. असा माणूस अडीच तास गप्प बसेल? सगळ्यात पहिला त्यांचा फोन यायला हवा होता. मावशी… नाही, तुम्ही जिना चढायचा नाही! त्या गुडघ्यांनी अजिबात नाही. तुमच्याकडे कापड मोजायची ती लाकडी पट्टी आहे ना, लांब? ती घ्या. छतावर ठोका. जोरात… हो, रिसीव्हर तसाच ठेवा, मी आहे.

अहो, ऐका ना जवान दादा… तुम्ही दोघं. तुमची गाडी खालीच आहे ना? पत्ता घ्या. हे बघा, या ओळीवर. तिसरा मजला. धावा!… दार तोडायचं? थांबा, त्यांचा फॉर्म बघते… मावशी, मावशी, ठोकू नका, एक मिनिट, इकडे या!… ऐका. काकांच्या दाराची किल्ली तुमच्याकडे आहे?… नाही काय! फॉर्मवर तुमचं नाव आहे. ‘जादा किल्ली कोणाकडे’, त्या रकान्यात… भांडणाच्या आधी लिहिलेलं असेल? अहो, हा फॉर्म या वर्षीचा आहे! दर वर्षी नवा भरून घेते मी. आणि आठही वर्षं त्यांनी तुमचंच नाव लिहिलंय… आहे ना किल्ली?… बटणांच्या डब्यात. शाब्बास! काढून ठेवा, जवान येतायत खालून, त्यांच्या हातात द्या. दादा, किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे! दार तोडू नका! जा!

हां मावशी, आता ठोका…

काय आहे हो? शिपाईदादा, दिसत नाही का, फोनवर आहे… माझं नाव पुकारलं? आत्ता? अहो, पाच मिनिटं थांबायला सांगा… आत्ता नाही तर मतदान सुरू? बरं. चला. नाही, फोन बंद करणार नाही. काय करायचं ते करा, मी फोन बंद करणार नाही.

मावशी, मी चालतेय, ठोकत राहा.

अध्यक्षसाहेब, मला तीन मिनिटं दिली आहेत ना? माझी तीन मिनिटं ना? मग मी त्यात काय करायचं ते माझं मी बघेन. कागद लिहून आणला होता, तो बाकावर राहिला. हा फोन मी स्पीकरवर टाकून माइकसमोर धरते. पलीकडे एक मावशी आहेत, त्या छतावर पट्टी ठोकतायत. वरच्या मजल्यावर एक काका राहतात. आज सकाळी त्यांना माझा फोन गेला नाही, कारण मी तुमच्यासमोर बसले होते… नाही साहेब, नाटक नाही. कृपा करून सगळे गप्प बसा. एवढंच करा.

मावशी, ठोका.

…परत.

…अजून एकदा. जोरात, मावशी, कपडा झाडल्यासारखं नको, जोरात!

…

आला! आला ना? मावशी, वरून आला ना आवाज?… मला ऐकू आला! सगळ्यांना ऐकू आला! दोनदा ठोकलं त्यांनी… हो! जिवंत आहेत, मावशी, जिवंत आहेत! अहो रडू नका, ठोका. थांबायचं नाही. तुम्ही एकदा ठोका, त्यांना एकदा ठोकू द्या. झोपू द्यायचं नाही त्यांना. गाडी निघालीय, पोचेलच… बोला त्यांच्याशी! ओरडा! काय ओरडू म्हणजे? भांडा! आठ वर्षांचं साठलंय ना? काढा आज सगळं बाहेर!

…हो साहेब. संपली का तीन मिनिटं? बरं. मी खाली बसते. नाही, मला आणखी काही बोलायचं नाही. एवढंच विचारते, आज यंत्र असतं तर त्यांनी काय दाबलं असतं?

मावशी, आहात ना?… काय म्हणताय त्यांना? ‘मेलात तर कुंड्या मी फेकून देईन’? वा! असंच. उत्तर आलं?… तीनदा ठोकलं? चिडले असतील. चिडू द्या, चिडू द्या…

अहो, इथं मतदान लागलं! फोन राहू देत म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगतायत. थांबा, तुमच्याकडे बेल वाजली का?… जवान! मावशी, उठा, किल्ली द्या. सावकाश उठा, गालिच्यात पाय अडकेल… दिली? गेले वर?… दार उघडं ठेवा तुमचं, म्हणजे ऐकू येईल.

इथं हात वर जातायत. एक… दोन… ती शाळांचं काम बघणारी नगरसेविका, तिचा वर आहे. तीन, चार… काय? काय म्हणाले?… न्हाणीघरात पडलेत? शुद्धीवर आहेत?… कंबर धरलीय? असू दे, कंबर नीट होते. डोक्याला नाही ना लागलं?… हुश्श. जीव भांड्यात पडला माझा.

पाच… मावशी, पाच झाले! अकरातून सहा लागतात… बोलतायत? काका बोलतायत? काय म्हणतात?… फोनला उशीर झाला म्हणतायत? दोन तास बावन्न मिनिटं? अहो, मोजली त्यांनी! जमिनीवर पडून मिनिटं मोजली! सांगा त्यांना, माफी मागते म्हणावं, पाया पडते म्हणावं…

सहा! मावशी, सहा! आणि कोपऱ्यातले ते म्हातारे, त्यांचा पण, सात! झालं! राहिले फोन, राहिले!… चष्मेवाल्या साहेबांचा? नाही, त्यांचा नाही वर. ते कागदाकडे बघत बसलेत… असू दे हो. सात पुरेत. एका वर्षासाठी, म्हणतायत अध्यक्ष. जोडीदारणीची खुर्ची नाही मिळाली, अठ्ठेचाळीस जण मला एकटीलाच. एका वर्षानं परत बघू म्हणे… बघू. पण मावशी, उद्या सकाळी साडेसातला मीच! मीच बोलणार, कोणी टेपवाली बाई नाही!

मावशी, ऐकलंत का?… जिंकलो आपण… मावशी?

हॅलो?… मावशी, रिसीव्हर कुठे ठेवलात?… हॅलो?

…काकांना खाली आणतायत वाटतं. जिन्यावर आवाज येतोय… दारातच थांबवलंत का तुम्ही त्यांना? अहो, स्ट्रेचरवर आहेत ते, जाऊ द्या… काय विचारताय?… ‘किल्ली का नाही परत मागितलीत?’

…

शिपाईदादा, हळू. जरा हळू टाळ्या वाजवायला सांगा सगळ्यांना… काका काहीतरी बोलतायत… ‘मागितली असती तर तुम्ही दिली असतीत.’

…

नाही, काही नाही. कोणी माझ्याशी बोलत नाहीये. ठेवते मी फोन.