पाच ठिकाणं आणि राहिलेलं एक वाक्य

मंडळी, ऐका! टाळकऱ्यांनो, जरा विसावा घ्या. पेटीवाले, तुम्ही सूर तेवढा धरून ठेवा.

आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. आईबापाला सगळं शहर एका दिवसात फिरवून आणणं अवघड, की आईबापाला एक वाक्य बोलणं अवघड?

काय म्हणता काका? शहर? गर्दी असते? असू द्या, असू द्या! ऐका आता.

एक बुधवार होता. साधा बुधवार. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून बुधवार. एवढा विचार करून दिवस धरलेला! कुणी? शैलजानं. शैलजा तांगडे. वय सत्तेचाळीस. लातूरला कॉलेजात इतिहास शिकवते. घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. बोलणं मोजकं — वर्गात तास तासभर बोलेल, घरात विचारलं तर 'हो', 'नाही', 'बघू'!

आणि तिचा बाप? नाव साहेबराव! नाव साहेबराव, आणि जन्म गेला साहेबांना फिरवण्यात! बत्तीस वर्षं ड्रायव्हर. त्यातली शेवटची अठरा वर्षं एकच गाडी — आपलं संभाजीनगर दाखवणारी. सकाळी स्टँडवरून निघायचं. देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की. पाच ठिकाणं! संध्याकाळी परत स्टँड. उन्हाळा नाही, पावसाळा नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, ज्यानं अठरा वर्षं लोकांना शहर दाखवलं, त्याला कसलं शहर दाखवता? हेच! हेच त्याच्या बायकोनं विचारलं. गयाबाईनं.

"अगं, तुझ्या बापाला काय दाखवतीस? त्याला तिथली कुत्रीसुद्धा वळखतात!"

शैलजा म्हणाली, "असू दे आई. मला न्यायचंय."

का न्यायचंय? मंडळी, कारण शहर नव्हतंच! कारण होतं एक वाक्य. चौतीस वर्षं जुनं.

शैलजा आठवीत होती. हुशार पोर. स्कॉलरशिप मिळवून मोठ्या शाळेत गेलेली. तिथं सगळ्या डॉक्टरांच्या लेकी, इंजिनिअरांच्या लेकी. शाळेची सहल निघाली वेरूळला. लाल गाडी फाटकाशी आली. पोरी ओरडत चढल्या. आणि चाकावर कोण? तिचाच बाप! खाकी कपडे, छातीवर नावाचा बिल्ला — तांगडे.

एका पोरीनं बिल्ला वाचला. म्हणाली, "शैला, तुझ्याच आडनावाचे आहेत गं. तुझे कोण लागतात?"

आणि शैलजा म्हणाली, "कोणी नाही."

दोन शब्द! मंडळी, दोन शब्द!

बापानं गाडी सुरू केली. खिडकीतून पोरींचे हात बाहेर आले, तेव्हा म्हणाला, "ताई, हात आत घ्या." पोटच्या लेकीला — ताई! वेरूळला पोरी डबे उघडून बसल्या. शैलजाच्या डब्यात मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. आणि गाडीपाशी बापाच्या डब्यातही तीच भाजी, तीच भाकरी! एकाच हातची, एकाच तव्यावरची. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तो माणूस झाडाकडे तोंड करून जेवला. झाडाकडे! घरी आल्यावर बाप गप्प, लेक गप्प. गयाबाईलासुद्धा कुणी पत्ता लागू दिला नाही.

तर हे होतं पोटात. बाप चौऱ्याहत्तरचा झालेला. शैलजानं ठरवलं, बापाला घेऊन दिवसभर फिरायचं, आणि कुठंतरी, एखाद्या ठिकाणी, बोलून टाकायचं. अण्णा, माझं चुकलं. संपलं! दोन शब्दांनी केलेलं तीन शब्दांनी फेडायचं. 

पण अभ्यासू माणसाची खोड बघा! तिनं कागद घेतला. वेळापत्रक आखलं. साडेआठ — देवगिरी. साडेदहा — वेरूळ. एक — घृष्णेश्वर. साडेतीन — मकबरा. साडेपाच — पाणचक्की. जेवण कुठं, पाणी कुठं, पार्किंग कुठं, सगळं लिहिलं. बोलायचं कुठं — ते लिहायला जागाच उरली नाही!

निघताना गयाबाई म्हणते, "लेकीसंगं चाललाव, चांगला सदरा घाला. खाकी नका घालू!"

साहेबराव म्हणाला, "खाकी कुठं ऱ्हायलीय? तिचं तू कवाच पोतेरं केलंस!"

गाडी शैलजाची, लातूरहून आणलेली. चाकावर शैलजा. शेजारी साहेबराव. आणि काय सांगू — समोर ट्रक दिसला की म्हाताऱ्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा! तिथं ब्रेक होता का? नव्हता! तरी दाबायचा! शैलजा हसली. म्हणाली, "अण्णा, मी चालवतेय ना?" तो म्हणाला, "चालव की. मी कुठं काय म्हनलो?" आणि पुढच्या वळणावर परत पाय!

देवगिरी आला. शैलजा उतरली, तिकिटं काढली, मागं वळून बघते तर बाप गाडीपाशीच! टायरला पायानं हळूच मारून बघतोय.

"अण्णा, चला ना!"

"तू ये जाऊन. मी हाय हितंच."

"अहो, तुम्हालाच दाखवायला आणलंय!"

"मी पाह्यलाय की. हितून चांगला दिसतो."

"हितून?"

"हितूनच. रोज हितूनच पाह्यला."

शैलजाच्या हातातली तिकिटं हातातच राहिली. तिनं विचारलं, "अण्णा, तुम्ही आत गेलाच नाहीत? कधीच?"

"गाडी सोडून कसं जावं? लोकांच्या पिशव्या असत्यात. लेकरांचं दूध असतं. एका बाईच्या पिशवीत तर आईच्या अस्थी होत्या, पैठणला न्यायच्या. लोक ड्रायवरच्या भरवशावर ठिवून जातात."

"आणि वेरूळ? मकबरा?"

"त्येबी भायेरूनच."

"मग रिटायर झाल्यावर?"

"मंग गाडीच नव्हती!" म्हातारा हसला.

पण शैलजा हसली नाही. अठरा वर्षं! ह्या माणसानं हजारो लोकांना दारापर्यंत आणून सोडलं, आणि दाराच्या आत पाऊल टाकलं नाही! ती जगाचा इतिहास शिकवत होती, आणि हे तिला ठाऊक नव्हतं! मंडळी, तुमच्या बापानं काय पाहिलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे? कधी विचारलंत?

आता तर तिला घाईच झाली. सगळं दाखवायचं! आजच्या आज! दंडाला धरून तिनं बापाला आत नेलं. चाँद मिनार, ती मोठी तोफ, खंदक. बोलायचं तोंडावर आलं — घड्याळ बघितलं — दहा! "अण्णा, चला, वेरूळला उशीर होतोय."

वेरूळच्या पार्किंगात चहाची टपरी. रज्जाकभाईंची. म्हातारा उतरायच्या आत रज्जाकभाई धावत आले. "अरे, तांगडेमामा! जिंदा हो? आणि ह्या? ह्या त्याच ना, इतिहासवाल्या?"

शैलजा चमकली. "मला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं, मॅडम! मामा रोज सांगायचे. गाडीतल्या लोकांना सांगायचे, गाईडला सांगायचे. माझ्या लेकीला हे सगळं तोंडपाठ आहे, गाईड चुकला तर ती दुरुस्त करेल! तुमची पीएचडी झाली, त्या दिवशी सगळ्या गाडीला चहा माझ्याकडं. पन्नास कप! भगोनं पुरलं नाही!"

साहेबराव म्हणाला, "गप रे रज्जाक. जुन्या गोष्टी."

मंडळी, विचार करा! जिनं 'कोणी नाही' म्हटलं, तिची ओळख हा माणूस रोज, परक्यांना, न विचारता देत होता!  शैलजानं चहाचा कप भरलेलाच खाली ठेवला.

कैलास लेण्यात बाप मान वर करून उभा राहिला.  मग खालीच बसला, दगडावर. म्हणाला, "हे बांधलं कसं?"

"बांधलं नाही, अण्णा. कोरलंय. एक अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आधी कळस, मग पाया."

"वरून खाली?" म्हातारा विचारात पडला. "मंग मधीच एखादा घाव चुकला तर?"

"चुकला तर चुकला. दगड परत जोडता येत नाही."

"मंग काय करत असतील?"

शैलजा म्हणाली, "अण्णा —"

बघा! इथं होतं! इथं जागा होती, वेळ होती, बाप बसलेला होता! पेटीवाले, तुम्हालासुद्धा वाटलं ना, आता बोलणार?

"अण्णा — उठा. घृष्णेश्वराला रांग वाढेल."

"जरा दम खाऊ दे की, माय."

"पाणचक्कीला बसू निवांत. तिथं सावली आहे."

घृष्णेश्वर झाला. रांगेत मागून ढकलाढकली, पुढून "चला, चला, थांबू नका!" — देवापुढंही वाक्य बोलायला सवड नाही! मकबरा झाला. उन्हानं फरशी तापलेली. बाप पायरीवर धाप टाकत म्हणाला, "लई मोठं काम केलंय गं पोरानं आईसाठी." शैलजा म्हणाली, "हो." बस, 'हो'! आणि गाडीकडं वळली. 

पाणचक्कीला पोचले तेव्हा बरोबर साडेपाच वाजलेले. हौदाच्या काठी वडाखाली बसले. चक्की फिरतेय, पाणी पडतंय. चार घटका मिळाल्या होत्या. आणि मंडळी, बापानंच विचारलं! लेकीकडं न बघता, पाण्याकडं बघत विचारलं,

"शैला, सकाळधरनं चारदा तोंड उघडलंस अन् मिटलंस. काय सांगायचंय का?"

काय बोलली असेल?

"काही नाही, अण्णा. पाणी पाहिजे का, विचारत होते."

बापानं मान हलवली. म्हणाला, "नको. चल, तुझी आई वाट बघत असंल."

पाचही ठिकाणं झाली. वेळापत्रक तंतोतंत! एकही ठिकाण राहिलं नाही.

आणि गुरुवारी सकाळी गयाबाई चहा घेऊन गेली. "उठा, पाय दुखत असतील, बाम आणलाय." हाक मारली. परत मारली. मग कप फुटल्याचा आवाज आला.

आजार नाही, दुखणं नाही, डॉक्टर नाही! झोपेतच. बुधवारी मान वर करून कैलास बघणारा माणूस गुरुवारी नाही! शैलजा दारात उभी. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "किती वाजले?" लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कुणीतरी सांगितलं. तिनं परत विचारलं.

आता इथं, मंडळी, मला माझंच नाव घ्यावं लागतं. दहाव्याला गोदाकाठी, कायगावला, प्रवचनाला मीच उभा होतो. सुरू करायच्या आधी एक पाहुणे कानाशी आले. म्हणाले, "महाराज, लेकीनं आदल्या दिवशी सगळं शहर दाखवलं बापाला. तेवढं घ्या बोलण्यात." आम्हा लोकांना काय, एवढं मिळालं की झालं! मी सुरू केलं. आवाज चढवला. "लेक असावी तर अशी! बापाच्या मनात इच्छा उरू दिली नाही! पाच ठिकाणं दाखवली, आणि बाप तृप्त होऊन गेला!" बायांनी पदर डोळ्याला लावले. माणसांनी माना डोलवल्या. मला वाटलं, आज प्रवचन रंगलं!

पाहिलेलं नसताना बोललो. विचारलेलं नसताना बोललो. तिच्या तोंडावर, तिच्या बापाच्या फोटोसमोर!

तुम्ही हसू नका. तुम्ही तरी काय करता? आईबापाला गाडीत घालता, पाच देव करता, फोटो काढता, गावभर दाखवता. लोक म्हणतात, पोरगं गुणाचं! आणि जे बोलायचं असतं ते तसंच परत घरी आणता. आज इथून घरी जाल. ओट्यावर कुणी बसलेलं असेल, खाटेवर कुणी पडलेलं असेल. कुठं नेऊ नका. काही दाखवू नका. शेजारी बसा, आणि बोला! ज्यांचं कुणी उरलं नाही ओट्यावर, त्यांना मी काय सांगू? मला सांगता येत नाही. मी त्या दिवशी काय ऐकलं, एवढंच सांगतो.

बायकांच्या बाजूनं ती उठली. म्हणाली, "महाराज, थांबा. हे खरं नाही."

माझा हात वरच्या वर राहिला.  गयाबाई म्हणाली, "बस गं, शैला." ती बसली नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. फोटोकडं वळली आणि शांतपणे, वर्गात बोलावं तशा आवाजात बोलली,

"अण्णा, आठवीच्या सहलीत एका मुलीनं विचारलं, हे ड्रायव्हर तुझे कोण. मी म्हणाले, कोणी नाही. मला तुमच्या कपड्यांची लाज वाटली होती. तुम्हाला ऐकू गेलं की नाही, हे मला कळत नव्हतं. मी तुमच्या मागच्याच बाकावर होते. म्हणून मी ते पुन्हा म्हणाले, अण्णा. मोठ्यानं. तुम्हालाच ऐकू जावं म्हणून. तुम्ही मला हाक मारू नये म्हणून."