गिरणी हलू द्या

न्हाई, मला एक सांगा, लेकीला बापाची खबर घ्यायला कारण लागतं का हो? लागतं! आमच्या शिवकन्याला लागतं! बसा, त्या पोत्यावर बसा, लाईट गेलेली हाय, तुमचं दळण काही आत्ता होत न्हाई, तवर ऐका... पोरगी चेन्नईला पीएचडी करून राहिली. भोकरमधून गेली ती गेलीच. अन् संशोधन कशावर? तर माझ्या गिरणीवर! बापावर न्हाई, गिरणीवर!

गणपतीत आली होती. म्हन्लं, बापाजवळ बसायला आली. कशाचं काय! आल्या आल्या गिरणीच्या ह्या लोखंडी सांगाड्याला एक पोलादी पट्टी बसवली, फणीएवढी, तिच्यावर चकचकीत तुकडा चिकटवलेला, पायझो म्हणे त्याला. पट्टी थरथरली की त्या तुकड्यातून वीज निघती, ती ह्या डबीत येती, अन् डबीतून निरोप थेट चेन्नईला. वर हा एवढासा लाल लाईट. म्हन्लं, पोरी, गिरणी चालती लाईटीवर, अन् तू गिरणीतून लाईट काढती? घागरीनं विहिरीत ओतायचं अन् चमच्यानं काढायचं, असं झालं की हे! तर म्हणती, "बाबा, जे हलणं वायाच जातंय ना, त्यातून काढायची. उद्या पुलाला लावता येईल, रेल्वेच्या डब्याला लावता येईल, सेल बदलायची कटकट नाही. तुम्ही फक्त हात लावू नका. हलू द्या."

हलू द्या! तुम्हाला सांगतो, माझी उमर गेली ही गिरणी हलू नये म्हणून! नट आवळले, खाली रबर टाकलं... तिनं ते रबर काढायला लावलं! "रबरानं डॅम्पिंग होतंय बाबा." डॅम्पिंग म्हणजे काय, तर हलणाऱ्याला गप करणं. झोका सोडून दिला की मंद होत जातो ना, तेच. अन् गंमत अशी की नुसती वीज काढली तरी पट्टीचं हलणं कमी होतं म्हणे. म्हन्लं, म्हणजे दूध काढलं की म्हैस गप होती, तसं? तर हसली... लई दिवसांनी हसली माझ्यासमोर. अन् दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेली.

रबर काढलं अन् गिरणी अशी हादरायला लागली! केवळाबाई आल्या ज्वारी घेऊन. "पिराजी, बंद कर रे बाबा, दात वाजून राहिले माझे!" म्हन्लं, "मावशी, दात हायत कुठं तुमचे?" पण लेकीचा हुकूम, हलू द्या! लाल लाईट झकास. अन् फोन? फोन न्हाई! आम्ही केला तर, "बाबा, मी लॅबमध्ये आहे, नंतर करते." हे नंतर कोणत्या महिन्यात येतं, ठाऊक हाय का तुमच्यात कोणाला?

मंग आली खंडेनवमी. आमच्या कावेरीबाईनं, म्हणजे शिवकन्याच्या आईनं, गिरणीची पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, अन् झेंडूचा हा एवढा हार... घातला कुठं? त्या पट्टीवर! म्हणे, "माझ्या लेकीचं यंत्र हाय, त्याला न्हाई तर कोणाला घालू?" मी बटण दाबलं. गिरणी धडधड, पण पट्टी गप. लाईट विझला! अन् पायलीभर दळण व्हायच्या आत फोन! "बाबा! काय झालं? गिरणी चालू दिसतेय अन् रीडिंग पडलंय!" गिरणीच्या बटणाला तिनं येगळी तार जोडलेली, गिरणी बंद असली तर तिला तिकडं कळतं, त्याची फिकर न्हाई. पण गिरणी चालू अन् पट्टी गप, की जीव वरखाली! मी म्हन्लं, "बघतो, बघतो... आधी सांग, जेवलीस का? तिथं भाकर मिळती का? का भातावर भात?" लई बोलली. बरं वाटलं हो.

आता मीबी माणूसच हाय. हार सुकला, पण अक्कल आली ना! चार-आठ दिस गेले की खांद्यावरचा टावेल काढायचा, हळूच पट्टीवर टाकायचा... की वाजलाच फोन! "बाबा, परत पडलं!" "हाव का? बघतो... सर्दी झाली का गं तुला? आवाज बसल्यावानी वाटतो." एकदा कावेरीबाईनं रंगेहाथ पकडलं. "बाप हाय का कोण! लेकीच्या शिक्षणावर टावेल टाकता?" म्हन्लं, चुकलं. दुसऱ्या दिवशी हीच बाई पदराला हात पुसत गिरणीत हजर. "अहो... काल सगळं तुम्हीच बोललात. टाका की जरा टावेल, मलाबी बोलायचंय."

असं झकास चाललेलं, अन् एक दिवस टावेल खांद्यावर, लाईट चालू, अन् फोन! आपोआप! म्हन्लं, पावली देवी! उचलला, तर पोरगी रडून राहिली. "बाबा, सर म्हणतात हे रीडिंग चालणार नाही. डॅम्पिंग मधीच वाढतं, मधीच उतरतं, कारणच सापडत नाही. माझं कुठं चुकतंय तेच कळेना. सगळं रीडिंग नव्यानं घ्यावं लागणार. या उन्हाळ्यात संपवून नांदेडच्या कॉलेजात अर्ज करणार होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं... तुमच्याजवळ येणार होते बाबा..."

नांदेड म्हणजे इथून तासाभराची वाट हो! घरून डबा घेऊन जाता येतं! अन् मी टावेल टाकून राहिलो! कावेरीबाईनं मोबाईल हिसकला अन् एका दमात सांगून टाकलं, "तुझं काही चुकलं न्हाई माय, तुझ्या बापाचा टावेल हाय तो. अन् त्याच्या आधीचा हार माझा." वाटलं, तोडती आता नातं. तर आधी हसली, मंग रडली, मंग दोन्ही एकदम. "बाबा, फोन कर म्हणून सांगायचं ना!" आता काय सांगू तिला? सांगून आलेल्या फोनात जीव वरखाली झालेला नसतो, बेटा.

रोज करीन म्हणाली. आठवडाभर केलाबी. मंग काम वाढलं. तिचा काय दोष, ते काम आमच्यापायीच वाढलं. म्हणे, "पावसाळ्यापर्यंत रीडिंग एकदाही पडलं नाही, तर मी नांदेडला. पडलं तर लगेच फोन करीन, अन् अजून एक वर्ष गेलं समजा."

म्हणून आता टावेल घरी. पट्टीजवळ माशी फिरकू देत न्हाई. गिरणी हलती, हलू द्या! केवळाबाई ओरडती, ओरडू द्या! मोबाईल ह्या फळीवर ठिवतो, तर गिरणीच्या हादऱ्यानं तोबी थरथरतो, अन् दर वेळी आम्हा दोघांच्या काळजात धस्स होतं. आधी वाटतं, आला! मंग वाटतं, नको रे बाबा! लेकीचा फोन येऊ नये म्हणून रोज देवापुढं हात जोडणारे मायबाप साऱ्या भोकर तालुक्यात धुंडून बघा, आम्ही दोघंच भेटू.