सगळी दारं पिवळी झाली तेव्हा

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय नीताताई, उर्जाच्या मार्गदर्शक म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या फ्राऊ प्रोफेसर, ज्यांच्या कानात आमचा वेदांग जमेल तसं भाषांतर करतो आहे, मंडळाचे सर्व कार्यकर्ते, सकाळपासून मागे वडे तळणाऱ्या माझ्या लेकीसुना, खुर्च्यांत बसलेली आणि खुर्च्यांखालून पळणारी बाळगोपाळ मंडळी, आणि जिचा प्रबंध पुरा झाला म्हणून आपण जर्मनीतल्या आखनच्या या हॉलमध्ये जमलो आहोत ती उर्जा. तुम्हां सगळ्यांना या श्रीपादकाकाचा मनापासून नमस्कार.

आधी स्वेटरचं बोलतो. माझ्या मुलानं, हृषिकेशनं, काल कोटाला इस्त्री करून ठेवली होती. म्हणाला, "बाबा, स्टेजवर हा स्वेटर नको. लिंबासारखे दिसता." नात अन्वी जर्मनमध्ये काहीतरी बोलून हसली, ते मी विचारलं नाही. लिंबू तर लिंबू. स्वेटरला कारण आहे, ते ओघात येईल.

नीताताईंनी मला बजावलंय, "काका, उर्जाच्या विषयावर बोला, आणि रडारड करू नका." आता विषय काय, तर पोलंडमधली आजची कला, घरबांधणी आणि डिझाइन, आणि त्यातलं नवेपण. मी साताऱ्यात पोळीभाजी केंद्र चालवलेला माणूस. माझ्या ताटात हा पदार्थ कुणी वाढला? हिनंच. ही इथे आखनला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. संध्याकाळी सरलाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, हातची आमटी प्यायला खाली यायची आणि पुस्तकं आमच्याच टेबलावर विसरून जायची. मी चित्रं बघायचो, अडलं की विचारायचो. म्हातारपणी फुकटची शाळा मिळाली, मी सोडतोय होय?

एकदा तिनं एका स्टुलाचं चित्र दाखवलं. स्टीलचे दोन पातळ पत्रे कडेनं जोडायचे आणि मध्ये हवा भरायची, की ते टम्म फुगतं. मी म्हटलं, अगं, ही तर पुरी झाली. तर म्हणाली, "काका, हे मी प्रबंधात लिहू का?" फ्राऊ प्रोफेसर, लिहिलंन का हो हिनं? वेदांग, विचार त्यांना. नाही म्हणतायत. असू दे.

पण तिचा खरा जीव घरांत. युद्धानंतर तिकडे माणसांना छप्पर हवं होतं, लवकर हवं होतं. म्हणून भिंतीच्या भिंती कारखान्यात ओतल्या आणि क्रेननं एकावर एक रचल्या. इडलीपात्रातून काढल्यासारख्या इमारती, सगळ्या राखाडी, सगळ्या एकसारख्या. पुढे दिवस पालटले. थंडी अडवायला भिंतींना बाहेरून नवे थर चढवले आणि वर रंग दिले. पिस्त्याचा, जर्दाळूचा, गुलाबी. एका सोसायटीनं दिला, की शेजारची म्हणणार, आम्हांलाही द्या. असं करता करता सगळंच रंगीत झालं, आणि रंगाची ओळख गेली. आता तिथली काही तरुण मंडळी शांत बसून विचार करतात, की जुनं न पाडता कुठे, किती, कुणासाठी रंग द्यायचा. उर्जा म्हणते, आजचं नवेपण ते. चहा पिता पिता मी हे सगळं ऐकलं, मान डोलावली. सगळं कळलं होतं मला.

आता आमच्या इमारतीकडे येतो. आमच्या पाचव्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना राखाडी दारं. त्यांतली आपल्या मंडळातली बिऱ्हाडं तुम्हांला माहीत आहेत. गेल्या वर्षी सरला कचरा टाकायला खाली गेली आणि परत आली ती दारंच बघत उभी राहिली. मी आत टीव्ही बघत होतो. मला वाटलं, कुणाशी बोलत असेल. डॉक्टरांनी पुढे विसरण्याच्या त्या दुखण्याला नाव दिलं. नाव कळून आमच्या घरात काही बदललं नाही.

उर्जानं मात्र काम सुरू केलं. निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या आणून आमच्या भिंतीला लावल्या आणि नुसती बघत बसली, की सरला जाता-येता कुठे थांबते. मी म्हटलं, अगं, तिलाच विचार ना. म्हणाली, "नको काका, विचारलं की त्या मला बरं वाटेल ते सांगतील." सरला हळदीच्या रंगापाशी थांबायची. बोट लावून बघायची. मग उर्जानं तसली चिकटवायची पिवळी फॉइल आणली, डॉक्टरांचा दाखला जोडून हाउसफेरवाल्टुंगकडून, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या ऑफिसकडून, परवानगी काढली आणि आमच्या दाराला बाहेरून ती लावली. त्या दिवसापासून सरला लिफ्टमधून उतरली की सरळ घरात. मागे वळून मलाच म्हणायची, "चला ना, रेंगाळता काय?"

मग नवरात्र आलं. आपल्याकडे नवरात्रात रोज एक रंग ठरलेला, सगळ्यांनी तोच घालायचा. पिवळ्याच्या दिवशी सगळ्या बायका आमच्याकडे जमल्या. फॉइलचा रोल उरलेला होता. आमच्या शेजारचे कुमारभाऊ म्हणाले, "काका, एकाच घराचं दार वेगळं दिसलं की लोक बोट दाखवतात. काकूंना एकटं का पाडायचं? आम्हीही लावतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. मीच कात्री आणून दिली. उर्जा तेव्हा पोलंडला गेलेली. आरती होईपर्यंत मजल्यावरची आपली सगळी दारं पिवळीधमक. फोटो काढले. तुमच्यापैकी पुष्कळांनी लाइकचे अंगठे दिलेत त्या फोटोंना.

दुसऱ्या दिवशी सरला कुमारभाऊंच्या सोफ्यावर जाऊन बसली आणि त्यांच्या बायकोला विचारू लागली, "माझा देव्हारा कुणी हलवला?"

कुमारभाऊ, मान खाली घालू नका. हे सांगतोय ते तुम्हांला टोचायला नाही. आपल्या कुणाच्या मनात वाईट होतं का? ज्याच्यावर रागवावं असं कुणी असतं तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही सगळ्यांनी फॉइल काढलीत, पण तोवर हाउसफेरवाल्टुंगनं पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं, सवलत एका दाराला दिली होती, ती अशी पसरणार असेल तर नियम सगळ्यांना सारखा. उर्जानं परत येऊन खेटे घातले, हृषिकेशनं रजा काढून चकरा मारल्या. शेवटी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, स्वतः आला. मोठा भला माणूस. हेअर ड्रायरनं ऊब देत देत त्यानं फॉइल सोलली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तुट मिर लाइड," म्हणाला, वाईट वाटतंय म्हणून. मी त्याला चहा दिला. आणखी काय करणार? बोळात खुर्ची ठेवावी तर आगीच्या वेळचा रस्ता अडतो. कुंडी ठेवावी तर तेच.

सरला, अगं इकडे बघ. इकडे, वर. मी इथेच आहे. नको ताई, धरू नका तिला, दिसलो मी. बसली बघा.

तर हा स्वेटर. दारावर काही लावायचं नाही असा नियम आहे, दारात म्हाताऱ्यानं उभं राहायचं नाही असा नाही. सरला खालून येते तेव्हा मी दार उघडून हा घालून उभा राहतो. परवा ती आली, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि तिचा चेहरा फुलला. "सापडलं घर," म्हणाली. मग हळूच विचारलंन, "इथे कोण राहतं हो?"

मी म्हटलं, आपणच.

"माणसं चांगली आहेत का?"

मी म्हटलं, आहेत.

"मग थांबते थोडा वेळ," म्हणाली.

उर्जा, तुझं कौतुक करायला उभा राहिलो आणि हे काय घेऊन बसलो. व्रोत्सवाफ हे पोलंडमधल्या शहराचं नाव मला नीट म्हणता येत नाही, पण तिथे लोक राहतील अशी घरं दुरुस्त करायला तू चालली आहेस, एवढं कळतं. तुला थांब म्हणायचं फार मनात होतं. कुठल्या तोंडानं म्हणू? परवा मी तुला विचारलं, की पिवळाही तिला ओळखू येईनासा झाला, तर पुढे काय गं? तू पुस्तकं मिटलीस आणि म्हणालीस, "काका, मी शोधलं. पुढचं मला माहीत नाही." खोटा धीर दिला नाहीस. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

नीताताई, तुम्ही सांगितलेलं मी पाळू शकलो नाही. बोलण्याच्या भरात कुणाला दुखावलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, पोलिश शब्दांची वाट लावली असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. मंडळानं मला बोलू दिलं, फ्राऊ प्रोफेसरांनी न कळणारी भाषा इतका वेळ ऐकली, वेदांगचा घसा बसला, या सगळ्यांचे आभार. वडे गार होतायत, ते मला मागच्या दारातून खुणावतायत.

उर्जा, उद्या गाडीच्या आधी निरोप घ्यायला घरी ये. काकूला तुझं नाव विचारू नकोस, नुसती शेजारी बस. आमचं दार आता सगळ्यांसारखं राखाडी आहे. तू चुकायची नाहीस, मला ठाऊक आहे, तरी मी स्वेटर घालून उभा राहीन.