पहिल्या पगाराची साडी

मी तर आईला काय द्यायचंच सोडलंय गं! पहिल्या पगारात हिरवी साडी घेतली. हिरवा दोरा संपलेला, म्हणून लाल दोऱ्यानं मीच फॉल लावला. मग दर सणाला माझी नुसती तगमग.

"आई, नेसलीस का?"

"ठेवलीय की जपून."

परवा वडूजला मामेभावाच्या लग्नात मामीनं आईला आहेर केला. आईनं घडी उलगडली, तर हिरव्या साडीला लाल दोरा! मला काय बसवंना.

"आई, मी दिलेली साडी कुठं हाय?"

"मामीच्या वास्तुशांतीला दिली की. पिशवीतनं काढली बी नव्हती."

आणि हातातली साडी माझ्यापुढं नाचवत म्हणती, "ही बघ मामीची निवड! फॉलसकट दिलीय. शीक जरा."