नळी जागेवर असताना

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि रुग्णालयातील माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

कौतुकाचे चार शब्द बोलण्याआधी एक बातमी सांगायला हवी. मी माइकपाशी येत असताना अतिदक्षता विभागाच्या सिस्टरांचा फोन आला. पेशंटचं ब्लड प्रेशर टिकून आहे, श्वास ठीक आहे आणि नळी सकाळी होती तिथेच आहे, असं त्यांनी स्वतः पाहून सांगितलं. जाळी अजून रस्त्यात आहे.

हे कशाबद्दल चाललंय, असं पाहुण्यांना वाटेल. शेवटच्या रांगेत दाराजवळ एक गृहस्थ बसले आहेत. ते शाळेची बस चालवतात आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवतात. पेशंट म्हणजे त्यांच्या पत्नी. पुढचं सगळं मी त्या दोघांच्या परवानगीने सांगतो आहे.

ताई शिवणकाम करतात. त्यांची मूत्रपिंडं थकली आहेत आणि मी त्यांचा डॉक्टर. डायलिसिससाठी मानेतून छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. आज सकाळी सरांच्या हाताखालच्या डॉक्टर मॅडमनी ती घातली. नळीचं टोक शिरेची भिंत भेदून बाहेर गेलं. चांगल्या हातांकडूनही हे क्वचित होतं. पण ज्याच्या घरात होतं, त्याला त्या ‘क्वचित’चा काय उपयोग?

अशा वेळी हाताला एकच सुचतं, चुकलेली नळी काढून टाकावी. आणि नेमकी तीच चूक जिवावर बेतते. कारण त्या भोकाला बूच त्या नळीचंच असतं. ते काढलं की रक्त सरळ छातीत. उभी हयात सर आम्हाला हेच ओरडून सांगत आले. ‘थांबा! हात मागे!’ म्हणून तर पाठीमागे सगळे त्यांना ‘थांबा सर’ म्हणतात. सर, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं दाखवू नका, वहिनी हसताहेत.

सकाळी सर धावत खोलीत आले. मॅडमना पहिला प्रश्न, ‘काढलीस?’

‘नाही सर.’

‘मग आपल्याकडे वेळ आहे.’

आता उपाय. छाती उघडायची नाही. मांडीच्या शिरेतून एक बारीक तार वर न्यायची. त्या तारेवरून, कापडी अस्तर लावलेली, मिटलेली धातूची जाळी भोकापाशी न्यायची. एकाने नळी मागे ओढायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने जाळी उघडायची, म्हणजे शिरेला आतून ठिगळ बसतं. एवढ्या रुंद शिरेला लागणारी जाळी आमच्या कपाटात नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयातून ती निघाली आहे. काही बिघडलंच तर छातीचे सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये तयार बसलेत, म्हणून ते या सभागृहात दिसत नाहीत.

तरीही आपण हा समारंभ करावा का? मी सरांना म्हटलं, रद्द करू. ते म्हणाले, ‘जाळी येईपर्यंत मी तिच्या पलंगाभोवती येरझाऱ्या घातल्या, तर ती बाई घाबरूनच जाईल. जिना उतरलं की तिचीच खोली आहे.’

पण माझं आणि सरांचं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सर म्हणाले, जाळी मॅडम उघडतील. मी म्हटलं, ‘सर, आज नको. आज तुम्हीच करा.’ ते म्हणाले, ‘उद्या मी नाही. पुढची नळी चुकेल तेव्हा कुणाला बोलावशील?’ सरांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. अध्यक्ष महोदया, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

पलंगाशेजारी उभे असलेले हे गृहस्थ तर भडकलेच. ‘नवशिक्याच्या हातात उतारावर गाडी देत नाही मी!’

सर म्हणाले, ‘शेजारी बसून देता ना?’

‘देतो. पण ब्रेकवर पाय माझा असतो.’

‘इथेही ब्रेक आहे. भोकापाशी एक फुगा ठेवतो आम्ही. रक्त आलं की फुगवायचा, रक्त थांबतं. त्याची पिचकारी माझ्या हातात असेल.’

तेवढ्यात पलंगावरून ताई बोलल्या. ‘तुम्ही पुरुषच ठरवताय होय? शीर माझी आहे.’ आम्ही तिघेही त्यांच्याकडे वळलो. मग म्हणाल्या, ‘चूक झाली हे मला त्या पोरीनंच सांगितलं. तुमच्यापैकी कुणी यायच्या आधी. सकाळपासून उशाशी बसून आहे ती. तिलाच करू द्या. पण त्या वेळी हे मोठे डॉक्टर खोलीतून हलले, तर मी उठून घरी जाईन.’

मॅडम आत्ताही तिथेच आहेत. सरांच्या विभागाची रीतच आहे तशी, नळी घालणाऱ्याने नळी निघेपर्यंत पेशंटजवळून हलायचं नाही. नव्या माणसाला ती शिक्षा वाटते. आज त्यांनाही वाटत असेल.

मी गृहस्थांना म्हटलं, बाहेर बाकावर बसा, चहा पाठवतो. ते म्हणाले, ‘नको. हे मोठे डॉक्टर निरोप घेऊन परस्पर निघून गेले म्हणजे?’ म्हणून ते इथे आले आहेत. मघापासून सरांवरची नजर त्यांनी काढलेली नाही.

मला विचाराल, तर सरांचं म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण ताईंचा शब्द मोडायचा अधिकार मला नाही. निरोपाच्या भाषणात माणसाबद्दल गोड बोलावं हा शिष्टाचार मला कळतो. सर, आज तेवढं माझ्याच्याने होत नाही. तुमच्यामुळे ती बाई आत्ता जिवंत आहे, एवढंच म्हणतो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. कुणाला मान द्यायचा राहून गेला असेल, प्रसंगाला न शोभणारं काही बोललो असेन, तर पोटात घाला.

आता शाल आणि श्रीफळ पाहुण्यांच्या हस्ते लगेच होऊ द्या. जाळी घेऊन येणारी गाडी कुठल्याही क्षणी फाटकात येईल. फोन वाजला की सर उठतील, आणि त्यांच्यामागोमाग ते गृहस्थही उठतील. टाळ्या वाजवायला कुणी उभं राहू नका. कृपया मधल्या वाटेतल्या खुर्च्या आत्ताच बाजूला घ्या.