दामूकाकांच्या सहा कात्र्या

खरं तर यात चूक माझीच होती. दामूकाकांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे. हर्नियाच्या ऑपरेशनला डहाणूच्या दवाखान्यात जायच्या आदल्याच दिवशी मी वाचलं, की मुंबईत एका रोग्याच्या पोटात कात्री राहिली.

"संपलं! मी जाणार नाही," काका म्हणाले. "दुखणं वाढलं तरी बेहत्तर."

"अहो, भात कापून झाल्यावर मजुरांचे विळे मोजून घेता ना?" काकू म्हणाली. "तशा तिथं कात्र्या मोजा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सबाईंनी हसत हसत सहा कात्र्या मोजून दाखवल्या, तेव्हा कुठे काका आत गेले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "किती?"

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "पाच."

शेजारच्या खाटेवर कैनाड गावचे आजोबा होते; त्यांचं ऑपरेशन उद्या होतं आणि काकांनी त्यांनाही ती बातमी सांगितली होती. ते उठून गाठोडंच बांधू लागले. "पेपरवाले खोटं लिहीत नाहीत!"

डॉक्टर धावत आले. तेवढ्यात काकूनं पिशवीतून हळूच कात्री काढली.

"ही मी तुम्ही आत जायच्या आधीच उचलली होती. म्हटलं, आत राहायला एक तरी कमी."