इंजिनावर उतरवलेली चेसिस

सुनंदा वहिनी, मिलमधले सगळे सहकारी आणि मोरेश्वरच्या तुमसरातल्या मित्रांनो,

उभं राहून बोलायची मला सवय आहे. वीस वर्षं कॉलेजात तेच करतो. मघापासून मी ही गर्दी बघतोय. खुर्च्या संपल्या, पोत्यांच्या थप्पीवरही माणसं बसलीत. आणि खरं सांगतो, मला मोरेश्वरचा हेवा वाटला. माझ्यासाठी एवढे येतील का? मित्राच्या शोकसभेत ज्याच्या मनात हे येतं, तो माणूस कसा असेल? तो मी आहे. ऐकून घ्या.

मोरेश्वर या राइस मिलचा फिटर. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी त्याच्या घरामागच्या शेडमध्ये एक जुनी मोटारसायकल बांधायला घेतली. इंजिन भंगारातलं, आमच्या वयाहून जुनं. चेसिस त्यानं स्वतः पाइप वाकवून जोडलेली. तो वेल्डिंग करायचा. मी पार्ट घासायचो आणि रोज डायरी लिहायचो.

"काय लिहून राहिला बे प्रोफेसर?" तो म्हणायचा. "लिहून नट टाइट होते का?"

मी हसायचो. पण त्याच्या हातांवर जळायचो. जो गंजलेला नट माझ्याकडून तासभर हलायचा नाही, त्यावर तो दोनदा हातोडी टेकवायचा आणि नट निघायचा.

तुम्ही बरेच जण रोज पोती उचलता. पोतं पाठीवर बसतं. इंजिन बसत नाही. धरायला जागा नाही, वजन सगळं एका बाजूला. पहिल्या रविवारी आम्ही ते उचलून चेसिसमध्ये घालायला गेलो, रंग खरवडला. दुसऱ्या रविवारी माझं हे बोट सापडलं. तिसऱ्या रविवारी इंजिन भुशाच्या पोत्यांवर आडवं निजवलं आणि रिकामी, हलकी चेसिस वरून त्याच्यावर उतरवली. दहा मिनिटांत बोल्ट आत.

गाडी चालू झाली. मोरेश्वरचं नाव झालं. कोणीही विचारलं की म्हणायचा, "डोकं लावलं जी! इंजिन नाही उचललं, चेसिस उचलली."

डोकं लावलं! मी शेजारीच उभा असायचो. मला वाटायचं, डोकं माझं होतं. पेपरात त्याचा गाडीवरचा फोटो आला. मी तो पेपर सगळा वाचला, तेवढं पान सोडून.

एकदा न राहवून म्हणालो, "मोऱ्या, ती आयडिया माझी होती."

"तुही काय अन् माही काय बे? गाडी चालते ना?"

ज्याचं नाव झालंय, त्याला असं म्हणणं सोपं असतं. मी दोन महिने शेडकडे फिरकलो नाही. त्यानं बोलावलं की म्हणायचो, पेपर तपासायचे आहेत. भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. शेवटी तोच गाडी घेऊन दारात आला, मला मागे बसवून वैनगंगेच्या पुलापर्यंत नेलं. वारा छान होता. मी काय विचार करत होतो? पुढे तो बसलाय.

आणि मग त्याचं हृदय थांबलं. सगळं तसंच राहिलं.

परवा वहिनींनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तुम्ही न्या. मले त्यातलं काय समजते?" मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो. चावी खिशात टाकली. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. आता तरी ती माझी.

मग ठरवलं, आज तुमच्यासमोर सांगायचंच, ती युक्ती कोणाची होती. पुरावा म्हणून डायरी काढली. दुसरा रविवार सापडला. अक्षर माझंच. वाचतो:

"बोट सुजले आहे. सुनंदा वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, 'कोंबडी झाकाची तर डालगं वरून ठेवतेत जी. कोंबडीले उचलून डालग्यात कोण भरते?' आम्ही दोघे फार हसलो."

फार हसलो. आणि पुढच्या रविवारी तेच केलं. त्या तिसऱ्या रविवारच्या पानावर वहिनींचं नाव नाही. तिथे मी लिहिलंय, "युक्ती सुचली."

वहिनी, मान खाली घालू नका. मोरेश्वर विसरला असेल, तो लिहीत नव्हता. मी लिहूनही विसरलो. तुमच्या युक्तीवरून मी पाच वर्षं त्याच्यावर जळत राहिलो, आणि त्याची माफी मागायची सोय आता नाही.

ही चावी. धरा. तुम्हाला त्यातलं समजतं, आमच्याआधी समजलं होतं. रविवारी येऊन गाडी सुरू कशी करायची ते दाखवीन. चालवायची, ठेवायची, की कोणाला द्यायची, ते तुम्ही ठरवा. हेवा गेला असं खोटं सांगत नाही. फक्त आता तो तुमचा वाटतो.

चला, सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणीही बोलायचं नाही.

मोऱ्या, तूही. "डोकं लावलं जी" म्हणू नको.